जबलपूरची हवा आणि तिचे ऋतू

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात आपण लढाया, तह, कायदे आणि शेतसारा यांच्या नोंदी वाचतो. हवेच्या नोंदी मात्र क्वचितच वाचतो. या पाठात आपण मध्य प्रदेशातील जबलपूर या शहराच्या हवेचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहणार आहोत. त्यात दोन प्रश्न मुख्य आहेत. वर्षातील कोणत्या ऋतूची हवा लोकांनी वाईट मानली? आणि तसे मानण्यासाठी त्यांनी नेमके काय मोजले?

मराठी वाचकाला हे शहर परके नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे या पाठात येणारा सरकारी कारभार विदर्भाच्या इतिहासाचाही भाग आहे.

हवेच्या वर्षाचे चक्र

प्रथम भूगोल समजून घेऊ. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर, नर्मदेच्या खोऱ्यात वसले आहे. मदन महालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या शहराला लागून आहेत. उत्तरेला विंध्याच्या आणि दक्षिणेला सातपुड्याच्या रांगा आहेत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे दिवसा आत येणारा आणि रात्री बाहेर जाणारा खारा वारा येथे नाही.

अशा ठिकाणी वर्षाचे तीन भाग पडतात. मार्च ते जून या काळात जमीन तापते, लू वाहते आणि धूळ उडते. पण तापलेली हवा उंच चढत असल्यामुळे जमिनीलगतचा धूर पसरून विरळ होतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि हवेतील कण धुऊन खाली आणतो. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरपासून आकाश निरभ्र होते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वारा मंद असतो. चुलीचा, शेकोटीचा, वाहनांचा आणि भट्ट्यांचा धूर या थराखाली सकाळी उशिरापर्यंत साचून राहतो.

याची तुलना भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील एखाद्या गावाशी करून पाहा. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणून हिवाळ्यात हवा धुतली जाते, तर उन्हाळ्यात कडक ऊन वाहनांच्या धुरावर प्रक्रिया करून जमिनीलगत ओझोन तयार करते. अधूनमधून दक्षिणेचा वारा सहारा वाळवंटाची धूळ घेऊन येतो. जबलपूरला पावसाळा आणि उन्हाळा यांचा क्रम वेगळा, म्हणून हवेच्या तक्रारींचा क्रमही वेगळा. भूमध्य समुद्राचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी केला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनी जबलपूरच्या हवेविषयी जी मते बाळगली, त्यातील काही याच किनाऱ्यावर तयार झाली होती.

वाईट हवेचा ताप

'मलेरिया' हा शब्द मूळचा इटालियन आहे आणि त्याचा अर्थ 'वाईट हवा' असा होतो. दलदलीतून, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून आणि साचलेल्या पाण्यातून विषारी वाफ निघते आणि ती श्वासाबरोबर शरीरात गेली की ताप येतो, अशी ही समजूत होती. इटलीच्या किनाऱ्यावरील दलदलींच्या अनुभवातून ती रुजली आणि युरोपातील वैद्यकाबरोबर हिंदुस्थानात आली.

जबलपुरात या समजुतीला पुरावा मिळण्यास अडचण नव्हती. हे तलावांचे शहर होते. येथे बावन ताल होते असे लोक सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाने, चेरीताल तिच्या दासीच्या आणि अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याच्या नावाने ओळखला जातो, अशी परंपरा आहे. पावसाळा संपताच, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, तापाची साथ हमखास येई. पाणी होते, त्याला वास होता आणि ताप होता. या तिन्हींचा संबंध हवेतून जोडणे त्या काळच्या डॉक्टरला स्वाभाविक वाटले. आपल्याकडे आयुर्वेदानेही शरद ऋतू हा आजारांचा ऋतू मानला आहे. कारणे वेगळी सांगितली जात, पण ऋतू तोच होता.

म्हणून एकोणिसाव्या शतकातील जबलपूरचा 'वाईट हवेचा ऋतू' हा पावसाळ्याच्या शेवटचा ऋतू होता, हे ध्यानात ठेवा. हिवाळा हा तर प्रकृती सुधारण्याचा ऋतू समजला जाई. सरकारी दौरे आणि छावण्या थंडीत निघत. जबलपूरशी ज्याचे नाव जोडले गेले आहे तो कर्नल स्लीमन प्रकृतीच्या कारणावरून रजा घेऊन नोव्हेंबर १८३५ मध्ये येथूनच हिमालयाकडे निघाला. त्या प्रवासाच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात त्याने नर्मदा खोऱ्यातील गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याविषयीही सविस्तर लिहिले आहे. शेतकऱ्याला हवेची चिंता असे ती अशी पिकाच्या अंगाने.

सरकारला हवेची चिंता वाटू लागली ती सैन्यामुळे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली. १८५९ मध्ये सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने दाखवले की येथील गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ जण दरवर्षी मरतात, आणि लढाईपेक्षा आजाराने कितीतरी अधिक मरतात. या आकड्याने पैसा हलला. बराकी उंच जोत्यावर आणि एकमेकींपासून दूर बांधाव्यात, प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला ठरावीक घनफूट हवा यावी, बाजार आणि गटारे छावणीपासून लांब असावीत, असे नियम झाले. जबलपूरच्या छावणीतील रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि अंतराअंतरावरचे बंगले याच विचाराचे अवशेष आहेत.

उन्हाळ्यासाठी उपाय वेगळा होता. घरात वाळ्याचे पडदे आणि दोरीने ओढायचे पंखे असत. ज्यांना शक्य होते ते पचमढीला जात. कॅप्टन जेम्स फोरसाइथ याने १८६० च्या दशकात या पठाराचा गाजावाजा केला. पुढे ते मध्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठिकाण झाले आणि सैनिकांसाठी तेथे आरोग्यधाम उभारले गेले. पंखा ओढणारा माणूस अर्थातच खालीच राहिला.

'ताप' या रकान्याखाली काय दडले?

आता आपण साधनांची चिकित्सा करू. मध्य प्रांतात गावातील मृत्यूची वर्दी कोतवार देत असे. तो साधा गावरक्षक होता. मृत्यूचे कारण तो ठरावीक रकान्यांपैकी एकात सांगे. पटकी, देवी यांची लक्षणे उघड असल्यामुळे ते रकाने बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत. उरलेले बहुतेक मृत्यू 'ताप' या रकान्यात जात. हिवतापाने गेलेला माणूस, विषमज्वराने गेलेला माणूस आणि छातीत कफ होऊन तापाने फणफणलेले मूल हे सारे तेथे एकत्र येतात.

म्हणजे जुन्या अहवालांत फुप्फुसाच्या आजारांचे मृत्यू कमी दिसले, तर ते खरोखर कमी होते असा निष्कर्ष काढू नका. नोंदवणाऱ्याजवळ ते वेगळे करण्याचे साधन नव्हते. खेड्यातील घरात बंद खोलीत लाकूड आणि शेणी जाळणारी चूल होती. तिच्याजवळ बाई रोज तासन् तास बसे आणि तान्हे मूल तिच्या मांडीवर असे. त्या धुरासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

१८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधून काढले. मलेरियाचा हवेशी असलेला संबंध तुटला, नाव मात्र राहिले. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. आरोग्यखात्याचे लक्ष हवेवरून पाण्याकडे, डासांकडे आणि पुढे जंतूंकडे वळले. नेमक्या याच काळात जबलपूरच्या हवेत पूर्वी नसलेला धूर येऊ लागला होता.

न मोजलेला धूर

१८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादकडून जबलपूरला पोहोचली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिला येथे मिळाली आणि मुंबई-कलकत्ता सलग लोहमार्ग सुरू झाला. दोन कंपन्यांच्या गाड्या जेथे भेटतात तेथे एंजिने बदलतात, कोळसा भरला जातो, शेड उभ्या राहतात. नरसिंहपूर जिल्ह्यातील मोहपानीच्या खाणी आणि पुढे उमरियाच्या खाणी यांमुळे कोळसा जवळ आला. कौले आणि मातीचे नळ भाजणाऱ्या भट्ट्या आल्या. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मध्ये सैनिकी वाहनांचा कारखाना आला.

या कारखान्यांनी शहराला स्थिर पगाराची नोकरी दिली. चिमणीचा धूर हे भरभराटीचे चिन्ह समजले जाई आणि त्याविषयी तक्रार करण्याची रीत नव्हती. जबलपूर जिल्ह्याचे गॅझेटियर १९०९ मध्ये ए. ई. नेल्सन याने संपादित केले. अशा गॅझेटियरांत हवामान म्हणजे तापमान आणि पाऊस. धुराची मोजणी त्या काळच्या कारभाराच्या कक्षेत नव्हती.

विड्यांचा धंदा हे याचे दुसरे उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जबलपूर हे विडीउद्योगाचे मोठे केंद्र झाले. सातपुड्यातून जाणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेने गोंदिया जबलपूरला जोडले गेले आणि त्या बाजूच्या जंगलांतील तेंदूपानांना वाट मिळाली. विडी वळण्याचे काम घरोघरी चाले आणि ते मुख्यतः बायका आणि मुले करत. तंबाखूची बारीक भुकटी त्यांच्या खोलीच्या हवेत कायम असे. कारखान्यासाठी निरीक्षक होता, घरासाठी नव्हता.

हवेतून पसरणाऱ्या रोगाचा सर्वांत मोठा आघात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. साथीचा जोर पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत होता. तेव्हाही वर्दी देणारा कोतवारच होता, आणि अनेक गावांत तो स्वतःच आजारी होता. गावांतील असंख्य मृत्यू पुन्हा एकदा 'ताप' याच रकान्यात गेले.

हवेलीच्या शेतापासून भाताच्या खुंटांपर्यंत

हवेच्या ऋतूंत बदल होण्याचे एक कारण शहराबाहेर, शेतात आहे. जबलपूर आणि नरसिंहपूरच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात 'हवेली' नावाची जुनी शेतीपद्धत होती. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी त्यात अडवत. सारा पावसाळा शेत तळ्यासारखे भरलेले असे. ऑक्टोबरमध्ये बांध फोडून पाणी सोडत आणि त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरत. पाण्याखाली तण कुजून जाई आणि सिंचनाशिवाय रब्बीचे पीक येई. हवेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या शेतात खरिपाचे पीकच नसे, त्यामुळे गहू पेरण्यापूर्वी जाळण्यासारखे काही उरत नसे.

बरगी धरण, विहिरी आणि वीजपंप आल्यावर हे गणित बदलले. पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात गहू अशी दोन पिके शक्य झाली. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले, पण भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत फार थोडे दिवस उरले. कापणीयंत्र पिकाचा वरचा भाग कापते आणि खुंट शेतात सोडते. या भागात त्याला 'नरवाई' म्हणतात. ते काढायला मजूर महाग, ठेवले तर पेरणी अडते, म्हणून आग लावण्याचा मार्ग निवडला जातो. एप्रिलमध्ये गव्हाच्या कापणीनंतर उन्हाळी मुगासाठी हीच घाई पुन्हा होते.

दोन्ही वेळच्या आगींत फरक आहे. एप्रिलमधील धूर तापलेल्या हवेबरोबर वर जातो. नोव्हेंबरमधील धूर मात्र नेमका हवा खाली दबण्याच्या काळात निघतो आणि शहराच्या स्वतःच्या धुरात मिसळतो. शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी हा शंभर वर्षांचा बदल समजून घ्या. अधिक धान्य पिकवण्याची मागणी सरकारने आणि बाजाराने केली, आणि त्या मागणीचा उरलेला भाग नोव्हेंबरच्या शेतात उभा असतो.

मोजणीचे युग

वायू प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ मध्ये आला. कायदा असूनही काय घडू शकते हे तीन वर्षांनी याच राज्याने पाहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. रात्र थंड होती आणि वारा मंद होता, त्यामुळे हवेपेक्षा जड असलेला तो वायू वस्तीवर जमिनीलगत पसरला. हिवाळ्यातील रात्रीची हवा किती कमी हलते, याचे याहून दारुण उदाहरण नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा या घटनेनंतर झाला.

हवेतील कणांची मर्यादा देशात आज २००९ च्या मानकांनुसार ठरते. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० म्हणतात. त्यांची वार्षिक सरासरी एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, वार्षिक मर्यादा ४० आणि चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक पातळी ५ इतकी खाली सुचवली. मोठे कण मुख्यतः धुळीचे असतात, तर बारीक कणांचा मोठा भाग ज्वलनातून येतो आणि ते फुप्फुसात खोलवर जातात.

जबलपूरच्या मोजणी केंद्रांपैकी एक मढाताल येथे आहे. नाव पाहा. जेथे कधी ताल होता तेथे आज दाट वस्ती आणि बाजार आहे. ज्या पाण्याच्या वाफेला दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टर भीत, त्या पाण्याच्या नावाच्या जागेवर आज यंत्र धूर मोजते.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम सुरू झाला. त्यात पुढे शहरांची संख्या १३१ झाली. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांना हवेसाठी निधी दिला आणि जबलपूर त्यात आले. रस्त्यांवर पाणी मारणे, यंत्राने झाडणे, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी अशी कामे झाली. केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरील शहरांत जबलपूरला २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे दुसरा क्रमांक मिळाला. ही महानगरपालिकेच्या कामाची खरी पावती आहे. पण ती कशाची आहे हे वाचकाने पाहिले पाहिजे. या सर्वेक्षणात गुण मुख्यतः केलेल्या उपाययोजनांना मिळतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचे लक्ष्य पीएम १० वर बांधलेले आहे. पाणी मारल्याने धूळ बसते. हिवाळ्यातील बारीक कण त्याने फारसे कमी होत नाहीत.

सरासरी काय लपवते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा एखाद्या शहरात नऊ महिने पीएम २.५ ची पातळी २० आहे आणि हिवाळ्याचे तीन महिने ती १०० आहे. बेरीज ४८०, बारा महिन्यांची सरासरी ४०. वार्षिक मानक तंतोतंत पाळले गेले! पण त्या शहराच्या रहिवाशाने सलग तीन महिने रोजच्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक कण श्वासात घेतले. म्हणून वर्षाचा आकडा दिसला की त्याचे महिने मागा, आणि महिन्याचा आकडा दिसला की त्याचे तास मागा.

समारोप

आपण सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ. जबलपूरचा वाईट हवेचा ऋतू एकोणिसाव्या शतकात सप्टेंबर ते नोव्हेंबर होता आणि आज तो नोव्हेंबर ते जानेवारी आहे. हा बदल काही अंशी हवेतच झाला आहे, कारण कोळसा, डिझेल आणि भाताचे खुंट नव्याने आले. काही अंशी तो मोजणाऱ्याच्या दृष्टीत झाला आहे, कारण हिवाळ्यातील चुलीचा धूर तेव्हाही होता आणि कोणी मोजत नव्हते.

यातून हवेच्या इतिहासाची एक रीत हाती लागते. १८६३ मध्ये सैनिकांचे मृत्यू मोजले गेले आणि बराकींना हवा मिळाली. विडी वळणारीचा श्वास मोजला गेला नाही आणि तिच्या खोलीला खिडकी मिळाली नाही. आज पीएम १० मोजला जातो आणि पैसा रस्त्याच्या धुळीवर जातो. डिसेंबरच्या रात्री पहारा करणारा माणूस टायर किंवा काटक्या पेटवून शेकतो, तेव्हा त्याची शेकोटी प्रदूषणाच्या यादीत येते. त्याची थंडी कोणत्याही यादीत येत नाही. त्याला उबेची दुसरी सोय न देता शेकोटी विझवणे म्हणजे पंखा ओढणाऱ्याला मैदानात ठेवून पचमढी गाठण्यासारखेच आहे.

विचारासाठी प्रश्न

१. 'ताप' या रकान्याच्या आधारे १९०० च्या सुमाराच्या श्वसनविकारांविषयी काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही?

२. हवेली पद्धत मोडल्याने कोणाचा लाभ झाला आणि कोणाची हानी? दोन्ही बाजू मांडा.

३. तुमच्या गावाजवळच्या हवा मोजणी केंद्राचे बारा महिन्यांचे आकडे मिळवा. वार्षिक सरासरी काढा आणि ती कोणत्या महिन्यांना झाकते ते लिहा.

४. घरातील वयस्क स्त्रियांना चुलीच्या दिवसांविषयी विचारा. त्यांची आठवण हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?